शेठ, आज पानी पडी

धंदा करणाऱ्या माणसाला सुधारण्याची जगाला जेवढी घाई झाली आहे, तेवढी खुद्द त्या माणसाला झालेली नाही. सकाळी डोळे उघडायच्या आत त्याच्या मोबाइलवर उगवत्या सूर्याचं चित्र येऊन पडतं आणि त्याखाली यशस्वी उद्योजकाच्या सवयी. पहाटे चारला उठा. गार पाण्याने आंघोळ करा. रोज दहा पानं वाचा. नकारात्मक बोलणाऱ्यांपासून लांब राहा. नंदुरबारच्या मिरची बाजारात हे शेवटचं कलम पाळायचं म्हटलं तर शेतकरी, अडत्या, हमाल, मापाडी आणि बँकेचा मॅनेजर या सगळ्यांशीच संबंध तोडावे लागतील. घरच्या मंडळींचं तर विचारूच नका.

नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला. जिल्हा झाल्यावर कलेक्टर आला, एसपी आला, आणि यथावकाश प्रेरणादायी वक्तेही येऊ लागले. इथल्या व्यापाऱ्याचा ओढा पहिल्यापासून सुरतेकडे. लग्नाचा बस्ता सुरतेचा, मोठा डॉक्टर सुरतेचा, तेव्हा व्यक्तिमत्त्व विकासही सुरतेहूनच यावा यात नवल नाही. दुकानाच्या गल्ल्यापाशी गणपतीच्या शेजारी आता डेल कार्नेगी आणि स्टीफन कोवी यांचे मराठी अनुवाद दिसतात. कार्नेगीचं पुस्तक १९३६ चं, कोवीचं १९८९ चं. दोन्हींना उदबत्तीचा धूर सारखाच लागतो.

एका हिवाळ्यात अशाच एका नेतृत्व शिबिराला मीही हजेरी लावली. शुल्कात दुपारचं जेवण होतं, हे आधीच सांगून टाकतो. वक्ते टापटीप होते. खांदे कसे ठेवायचे, हस्तांदोलन किती दाबून करायचं, नजर कुठे रोखायची, आवाज पोटातून कसा काढायचा, सगळं त्यांनी करून दाखवलं. मग सगळ्यांना उभं करून ‘मी करू शकतो!’ असं तीनदा ओरडायला लावलं. हंगाम मिरचीचा, समोरचे निम्मे लोक सकाळी बाजार समितीत चक्कर टाकून आलेले. एवढ्या जोराने हात वर झाल्यावर सदऱ्यांमधली मिरची हवेत उडाली आणि तिसऱ्या ‘करू शकतो’ला पहिली शिंक वक्त्यांनाच आली. त्यांच्या मागोमाग आख्खा हॉल शिंकला. सामूहिक शक्ती म्हणून जे काही असतं ते दिवसभरात मला त्या एकाच क्षणी जाणवलं.

शेवटी अभिप्रायाचे कागद वाटले. वर नाव, दुकानाचं नाव, मोबाइल नंबर आणि खाली ‘मोकळेपणाने लिहा’. सगळ्यांनी ‘अतिशय प्रेरणादायी’ असं मोकळेपणाने लिहिलं. माझ्या शेजारी एका पेढीचे म्हातारे मुनीमजी बसले होते. शेठ येऊ शकले नाहीत म्हणून फी वाया जाऊ नये यासाठी पाठवलेले. त्यांनी चष्मा पुसून सावकाश लिहिलं : ‘आपण दिवसभर बोललात. आम्हाला एकही प्रश्न विचारला नाहीत.’ लिहून झाल्यावर कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. कागद द्यायचा आहे, असं मी म्हटलं. ‘कशाला त्रास देता बिचाऱ्याला,’ म्हणाले आणि वरणात लिंबू होतं का नव्हतं या विषयाकडे वळले.

मला तेव्हापासून वाटत आलं आहे की नेतृत्वाची सगळी पुस्तकं मालकाने कसं बोलावं हे शिकवतात. मालकाला कुणीतरी काहीतरी सांगू शकेल असं त्याने कसं वागावं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. कार्नेगी ऐकून घ्या म्हणतो, नाही असं नाही. पण त्याचं ऐकणं बरंचसं समोरच्याला खूश करण्यासाठी. इथे प्रश्न समोरच्याच्या खुशीचा नाही, मिरचीचा आहे.

ज्यांनी नंदुरबारची पथारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथली लाल मिरचीची बाजारपेठ राज्यातल्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक. ऑक्टोबरपासून थंडी सरेपर्यंत शेतकरी ओली लाल मिरची आणतो, व्यापारी ती विकत घेतो आणि शहराबाहेरच्या उघड्या माळावर वाळत घालतो. ही पथारी. झाडून साफ केलेल्या जमिनीवर नजर पोचेल तिथपर्यंत लाल. त्या लालात ओळीने बसलेल्या बाया नाकातोंडाला पदर घट्ट गुंडाळून देठ खुडत असतात, मिरची उलटीपालटी करत असतात. यातल्या कितीतरी सातपुड्याकडून आलेल्या. हाताची आग होते ती संध्याकाळी तेल चोळलं तरी राहते. तोच हात चुकून डोळ्याला लागला की काय होतं ते मी लिहीत नाही. बाहेरून आलेला माणूस फोटो काढतो, पाच मिनिटं खोकतो आणि गाडीची काच वर करतो.

हा धंदा म्हणजे लाखोंचा माल आभाळाच्या भरवशावर उघडा टाकून घरी जेवायला जाणे. त्यावर पाऊस पडला की मिरची काळी तरी पडते नाहीतर पांढरीफटक, आणि भाव खाली येतो. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस अवकाळीने उत्तर महाराष्ट्रात धुमाकूळ घातला तेव्हा पथाऱ्यांवरचा मालही भिजला होता. ताडपत्र्या असतात, पण आख्खा माळ झाकायला वेळ लागतो. म्हणून या धंद्यात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे दोन तास आधी मिळालेली बातमी.

आता ही बातमी मालकापर्यंत कशी जाते ते पाहा. दुपारी पथारीवर बसलेली एखादी वयस्क बाई मान वर करून सातपुड्याच्या अंगाला बघते. वारा फिरलेला असतो. ती म्हणते, ‘आज पानी पडी.’ मुकादम ऐकतो आणि दिवाणजीला सांगतो, ‘ढग आलेत जरा.’ दिवाणजी शेठच्या मुलाला सांगतात, ‘वातावरणात थोडा बदल आहे.’ मुलगा पुण्याहून एमबीए करून आलेला. तो मोबाइलवर बघतो, तिथे पिवळा सूर्य हसत असतो. तो वडिलांना फोन करून म्हणतो, ‘ऑल ओके, पप्पा.’ चार वाजता टपटप सुरू होते. पप्पा पायजम्याची नाडी सावरत पथारीवर धावत येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘मला आधी कुणी का नाही सांगितलं?’

सगळे एकमेकांकडे बघतात. ती बाई ताडपत्रीचं एक टोक धरून केव्हाच पळालेली असते.

यात खोटं कुणीच बोललेलं नाही. प्रत्येकाने बातमीतला थोडा थोडा ओलावा काढून घेतला आणि वरपर्यंत पोचेतो ती देठ खुडून पोत्यात भरण्याइतकी कोरडी झाली, इतकंच. ही कला आपल्याकडे घराघरांत आहे. बारावीचे मार्क वडिलांना सांगण्याची जबाबदारी आईवर असते ती याच कलेपोटी.

अशी गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, म्हणजे बाईचं ऐकायला हवं होतं. तितकं सोपं असतं तर एकाही पथारीवर मिरची भिजली नसती. खरी अडचण अशी की बाई चुकतेही. एखाद्या दिवशी ती म्हणते पानी पडी, शेठ स्वतः ऐकतो, सगळ्यांना देठ सोडून ताडपत्र्यांना लावतो, दगड ठेवून ठेवून लोकांची कंबर मोडते, आणि मग आभाळ असं लख्ख उघडतं की जणू काही झालंच नव्हतं. अर्धा दिवस मोडला, मजुरी तर द्यायचीच, वर शेजारच्या पथारीवरचा व्यापारी ओरडून विचारतो, ‘काय शेठ, आज मिरचीले थंडी वाजी राहिनी का?’ त्या वेळी शेठचं तोंड कसं होतं, हे ती बाई पदराआडून बघत असते. तो तिच्यावर खेकसला तर झालं. पुढच्या वेळी ढग खाली उतरून मिरचीवर बसला तरी ती मान वर करणार नाही. तिला रोजाशी मतलब.

मी पाहिलेल्या एका व्यापाऱ्याने अशा दिवशी एवढंच म्हटलं, ‘मावशी, आज तुमचा अंदाज हुकला. चहा पाजा आता.’ चहाचे पैसे अर्थात त्यानेच दिले. त्याच्याकडे पुस्तकं नाहीत. पहाटे चारलाही तो उठत नाही. साडेसातला उठतो आणि तेव्हाही कुरकुरत.

चुकीचं बोलणाऱ्याचंही ऐकून घ्यावं लागतं, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांइतकं कोण जाणत असेल. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी ठामपणे सांगत, आणि त्यापायी किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. शेतकऱ्यांचं म्हणणं साफ चूक होतं. पण गिऱ्हाईक चुकलं म्हणून त्याला अंगठे धरून उभं करता येत नाही. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडीही उभी राहिली.

मालकाच्या तोंडावर खरं सांगणारा एकच प्राणी जिल्ह्यात राजरोस मिळतो, तो सारंगखेड्याला. शहादा तालुक्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते आणि घोड्यांच्या बाजारासाठी ती देशभर ओळखली जाते. मारवाडी, काठेवाडी, नुकरा, अबलख, पंचकल्याणी अशी जनावरं येतात. जाणकार आधी दात बघतो, मग खोडी बघतो, मग चाल. मालदार गिऱ्हाईक मात्र आधी फोटो काढतो आणि मग थेट वर बसतो. घोड्याला त्याचा टर्नओव्हर ठाऊक नसतो. लगाम धरलेला हात घाबरलेला आहे हे घोडं पाच पावलांत ओळखतं आणि सहाव्या पावलाला सगळ्या यात्रेला कळवतं. मालकाला असा स्पष्ट अभिप्राय देऊन पुन्हा लाखांत भाव मिळवणारा दुसरा नोकर मी पाहिलेला नाही.

याच जिल्ह्यातल्या नवापूरचा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, जरी सुरुवात गमतीची आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली आणि हद्द नेमकी फलाटातून गेली. तिकीट महाराष्ट्रात मिळतं, स्टेशनमास्तर गुजरातेत बसतात, आणि एक बाक असं आहे की नवरा-बायको शेजारी बसून वेगवेगळ्या राज्यांत असू शकतात. तरी गाड्या धावतात, कारण या बाजूचं त्या बाजूला रोजच्या रोज सांगितलं जातं.

याच नवापुरात कोंबडीपालनाचा धंदा फोफावला. शेडच्या शेडी उभ्या राहिल्या. २००६ च्या सुरुवातीला कोंबड्या मरायला लागल्या. कोंबडी मरणं या धंद्यात नवं नाही. राणीखेत नावाचा रोग येतो, काही पक्षी नेतो, लस देतात, पुढची बॅच टाकतात. त्यामुळे राणीखेतच आहे, असं पुष्कळांना मनापासून वाटत होतं. आणि वाटायला काय हरकत होती? आजवर नेहमी राणीखेतच निघालं होतं. शेडमध्ये दाणे टाकणाऱ्या पोराला या वेळचं मरण वेगळं दिसलं असेलही. पण राणीखेत म्हटलं की पुढची बॅच आहे, आणि दुसरं काही म्हटलं की काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माणूस दोन शब्दांतून ज्याच्यापुढे बॅच आहे तोच निवडतो. मीही तोच निवडला असता.

भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झालं : बर्ड फ्लू, एच५एन१, भारतात पहिल्यांदाच. मग पांढरे पोशाख, मास्क, खड्डे. परिसरातल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, अंडी पुरली गेली. तोवर ज्या गावाचं नाव फक्त सुरत-भुसावळ पॅसेंजरला ठाऊक होतं ते जगभरच्या बातम्यांत झळकलं. रेल्वेच्या जेवणातून कोंबडी गायब झाली. देशभर भाव कोसळले, आणि लोकांची भीती घालवायला ठिकठिकाणी पुढाऱ्यांनी कॅमेऱ्यासमोर तंगडी खाऊन दाखवली. नेतृत्व म्हणून तेवढं एक त्यांनी फार आनंदाने केलं.

नवापूरने पुन्हा पिल्लं टाकली. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, रोग पुन्हा आला. पुन्हा खड्डे, पुन्हा लाखो पक्षी. त्यानंतरही शेडी पुन्हा भरल्या. याला चिकाटी म्हणा, नाइलाज म्हणा; कर्जाचा हप्ता दोन्हींत फरक करत नाही.

त्या भागातल्या एका शेडला मी मध्यंतरी गेलो होतो. फाटकातच सिमेंटचं उथळ टाकं, त्यात औषधाचं जांभळट पाणी. आत जायचं तर त्यात पाय बुडवून. फाटकावर मिसरूड न फुटलेलं एक पोरगं बसलेलं. माझ्यासोबत शेडचे मालक होते, खादीचा कडक सदरा, पायांत लग्नासाठी घेतलेले तपकिरी बूट. ते टाक्याच्या कडेकडेने अंग चोरून निघाले तसं पोरगं उठलं आणि आडवं आलं.

‘शेठ, पाय.’

‘अरे, मी आताच घरून आलोय.’

‘शेठ, पाय बुडवा. तुम्हीच सांगेल शे, कोनलेच सोडू नको.’

शेठने माझ्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. मग पॅन्ट दोन बोटांनी वर धरली, पोराला अहिराणीत एक चांगली सणसणीत शिवी दिली, आणि दोन्ही पाय बुडवले. पोरगं हसलं आणि माझ्याकडे वळलं.

‘आते तुम्हना.’