शेजारच्या मांजराचा बंदोबस्त : आपटा पंचक्रोशीतील गृहस्थांसाठी

परक्या घरचे मांजर आपल्या घरात शिरते, अशी तक्रार असलेल्या गृहस्थाने सर्वप्रथम एक गोष्ट मान्य करावी. ती मान्य होत नसेल तर पुढचे वाचण्याची तसदी घेऊ नये. मांजराला आपल्या घराची हद्द कळत नाही, हा समज साफ चुकीचा आहे. कुंपणाचा कोणता खांब कुजला आहे, मागच्या दाराची कडी घरातले कोण लावायला विसरते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी कोणत्या कोपऱ्यात सुटली आहे, हे त्याच्याइतके घरमालकालाही ठाऊक नसते. हद्द त्याला पुरती कळते, पण ती पाळण्याचे काही कारण त्याला दिसत नाही. ते पाळते वेळ. परसाला परस लागून असते, एका घराच्या पागोळ्या दुसऱ्याच्या अंगणात पडतात आणि बाजाराच्या पिशवीतून काय आले हे तीन घरांना वासावरून समजते, अशा पाताळगंगेकाठच्या गावात मांजरे जागा वाटून घेत नाहीत, तास वाटून घेतात. गृहस्थ मात्र हद्द राखत बसतो आणि म्हणून हरतो. त्याला कुंपणावरून उठवून घड्याळापाशी आणून बसवणे, एवढाच या मार्गदर्शनाचा उद्देश आहे.

आधी कायद्याची वाट तपासू, कारण शेजाऱ्याशी वाजले की आपल्याकडे पहिला विचार मोजणीचा येतो. भूमी अभिलेखात पैसे भरून मोजणी आणता येते, हद्दीचे दगड रोवता येतात, आणि मग त्याच दगडावर बसून मांजर अंग चाटते. त्यानंतर गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आठवतो. तो १८७१ सालचा, आणि शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालण्याची सोय त्यात आहे. पण त्यातली जनावरांची यादी सावकाश वाचावी. गाईबैल आहेतच, शिवाय हत्ती, उंट, म्हशी, घोडे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढ्या, शेळ्या आणि त्यांची करडे आहेत. मांजर नाही. म्हणजे शेजाऱ्याचा हत्ती तुमच्या अळूच्या वाफ्यात शिरला तर रीतसर दाद आहे. शेजाऱ्याची मनी शिरली तर नाही. उलट धोका आहे तो गृहस्थालाच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, अखंड वापरलेली वाट हक्काची होऊ शकते. मांजर सहसा वीस वर्षे जगत नाही, एवढाच काय तो दिलासा. पण मनीच्या लेकी आणि नाती त्याच खिडकीने येत राहतात, तेव्हा वहिवाटीचा विषय वकिलासमोर न काढलेलाच बरा. पंचतंत्रात ससा आणि कपिंजल पक्षी एका ढोलीच्या मालकीवरून भांडत निवाड्यासाठी मांजराकडे गेले. मांजराने दोघांना जवळ बोलावले, ऐकू कमी येते म्हणून आणखी जवळ बोलावले, आणि दावा निकाली काढला. जागेच्या तंट्यात मांजर पक्षकार असो की न्यायाधीश, निकाल एकाच बाजूने लागतो.

उरतो दांडगाईचा मार्ग, आणि त्यावर लगेच फुली मारावी. प्राण्याला मारणे, विष घालणे, लुळे करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. क्रूरता प्रतिबंधाचा १९६० चा कायदा आणखी वेगळा. जुन्या लोकांनी हीच शिक्षा त्यांच्या भाषेत सांगून ठेवली होती : हातून मांजर मेले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते. सोन्याचा आजचा भाव पाहता कैद स्वस्त पडेल, असा हिशेब कोणी करू नये. मांजर पोत्यात घालून कर्नाळ्याच्या बाजूला सोडून यावे, असेही दबक्या आवाजात सुचवले जाते. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून येणे हाही १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे. आणि १९६८ पासून पक्ष्यांसाठी राखलेल्या अभयारण्यात मांजर नेऊन सोडण्याची कल्पना ज्याला सुचते, त्याने मांजराच्या स्वभावाचा अभ्यास अजून सुरू केलेला नाही. शिवाय मनी गेल्याने तिचा दुपारी दोनचा तास रिकामा होतो, आणि रिकामा तास गावातला बोका फार दिवस रिकामा ठेवत नाही.

तासांची ही वाटणी कल्पनेतली नव्हे. पाउल लायहाउझेन या जर्मन संशोधकाने गेल्या शतकाच्या मध्याला मोकळी फिरणारी मांजरे निरखली. त्यांच्या वाटा एकमेकांत गुंतलेल्या असतात, पण दोघांनी एकाच वेळी एका वाटेवर येण्याचे ती टाळतात. एक पुढे निघून जाईपर्यंत दुसरे लांब बसून राहते, असे त्याने नोंदवले. २०१३ साली बीबीसीने इंग्लंडमधल्या शॅमली ग्रीन या खेड्यातल्या पन्नास मांजरांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधले. (गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न उंदरांना अजून सुटलेला नाही, बीबीसीने तो लायसन्स फीमधून सोडवला.) तिथेही तेच दिसले. एकाच बागेत वेगवेगळी मांजरे वेगवेगळ्या वेळी, भांडण टाळून, आणि संधी मिळेल तेव्हा दुसऱ्याच्या घरात शिरून तिथल्या मांजराचे जेवणही फस्त करून. कोकण रेल्वे वर्षानुवर्षे एकेरी रुळावर चालली ती याच तत्त्वावर : रूळ एक, गाड्या दोन्ही बाजूंनी, आणि एक सुटेपर्यंत दुसरी स्टेशनात उभी. १९९५ साली ज्या गावच्या फलाटावर हिंदी सिनेमातली सर्वांत गाजलेली धावती गाडी पकडली गेली, त्या गावाला वेळ साधण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मनी ती गाडी रोज पकडते. फरक इतकाच की तिला कोणी हात देत नाही आणि तिला तो नकोही असतो.

हे तत्त्व लक्षात न घेता केलेले उपाय का फसतात, हे आता उघड आहे. दारात लाल किंवा निळ्या पाण्याची बाटली लटकवण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. जपानमध्येही लोक मांजरांसाठी साध्या पाण्याच्या बाटल्या कुंपणालगत ओळीने मांडतात, म्हणजे ही श्रद्धा आपल्यापुरती नाही. मांजर बाटलीला वळसा घालून जाते. संत्र्यालिंबाच्या साली वाळल्या की त्यांचा वास जातो आणि मांजर येते. डांबराच्या गोळ्या आणि फिनेल हे उपाय नव्हेतच, ते विष आहे. फिनेलमधले द्रव्य पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. पायाला लागलेले ते चाटते आणि आजारी पडते, आणि मग गृहस्थ पुन्हा कलम ३२५ पाशी येऊन उभा राहतो. या सर्व उपायांत एक गृहीत समान आहे, की मांजराला एखादी जागा नकोशी करता येते. चुलीवर दूध उतू जात असताना आणि घरात कोणी नसताना कोणतीही जागा मांजराला नकोशी होत नाही.

तेव्हा काम वेळेपासून सुरू करावे. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकोनात आठवडाभर मांजराची आवकजावक लिहावी. फार लिहावे लागत नाही. सकाळी दूध तापवून गृहिणी अंगणात जाते ती वेळ, मासळीवाली दारावरून गेल्यानंतरचा अर्धा तास, जेवणे आटोपून घर पेंगते ती दुपार, एवढ्यातच नव्वद टक्के कारभार उरकलेला दिसेल. मासळीच्या तासाकडे विशेष लक्ष द्यावे. विळीवर खवले काढण्याचा खरखर आवाज मांजर चार घरांवरून ओळखते, आणि ते पाणी आपण परसातल्या केळीच्या बुंध्याशी ओततो, म्हणजे आमंत्रणाचा वास दिवसभर राहील अशी व्यवस्था आपणच करतो. ते पाणी मोरीत सोडावे आणि मागोमाग बादलीभर साधे पाणी ओतावे. जवळा, सुकट, बोंबील वाळत घालायचे तर राखणीला म्हातारे माणूस बसवून उपयोग नाही, कारण त्याच्या डुलकीची वेळही मांजराच्या वेळापत्रकात आहे; वर जुन्या मच्छरदाणीचे कापड ताणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. दूध फ्रीजमध्ये, नाहीतर जाळीच्या कपाटात. शिंक्यावर भरवसा ठेवू नये. शिंके तुटले की काय होते, ते बोक्यांच्या मागच्या सर्व पिढ्यांना माहीत आहे. आठपंधरा दिवस नेमक्या त्या तासांना काहीच हाती लागले नाही तर मांजर आपला तास दुसरीकडे वळवते. आषाढ संपून श्रावण लागला की अनेक घरांत हा प्रयोग आपोआप होतो, पण श्रावण सरल्यावर गृहस्थ स्वतःच तो मोडतो.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा, की मांजर शेजाऱ्याचे आहे तर उठाठेव आम्ही का करावी? आक्षेप न्याय्य आहे, फक्त त्यातले ‘शेजाऱ्याचे’ हे सिद्ध करून दाखवावे लागेल. मांजराची मालकी ही घटनेनुसार बदलणारी गोष्ट आहे. मनीने उंदीर धरला की ती ‘आमची मनी’ असते. तिने तुमच्या पातेल्यात तोंड घातले की ‘ती काय, कुठूनही येते हो, आम्ही नुसता भात टाकतो’. त्यामुळे तक्रार मांजरापासून सुरू करू नये. ‘काकू, तुमच्या मांजराला आवरा’ या वाक्याने आजवर एकही मांजर आवरले गेलेले नाही, काकू मात्र सहा महिने बोलत नाहीत. ‘काकू, काय तुकतुकीत आहे हो तुमची मनी! दुपारचं काय घालता तिला?’ असे विचारावे. काकू मालकी कबूल करतात, खाण्याची वेळ सांगतात, आणि पुढचा मार्ग मोकळा होतो. आपली मासळी साफ झाली की डोकी, कल्ले, शेपट्या वाटीत घालून काकूंकडे पाठवाव्यात, आणि त्या तुमच्या जेवणाच्या वेळी तिकडे घालायला सांगाव्यात. तुमच्या दुपारी दोन वाजता मनी त्यांच्या ओटीवर असते. ही तर खंडणी झाली, असे स्वाभिमानी वाचक म्हणेल. झाली खरी. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाईच्या सनदा घेऊन आले. चौथा हिस्सा द्या, मुलुखावर स्वारी होणार नाही, असा तो व्यवहार होता. त्या व्यवहारात आपण घेणाऱ्यांच्या बाजूला होतो म्हणून आपल्याला तो मुत्सद्देगिरी वाटतो. इथे देणारे आहोत, तर रक्कम निदान बांगड्याच्या डोक्यांत आहे.

दुसरा आक्षेप बागेचा, आणि त्याची टिंगल करता येणार नाही. मांजराला मऊ, कोरडी, भुसभुशीत माती लागते, म्हणजे नेमका तुम्ही कोथिंबीर पेरलेला वाफा. त्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परोपजीवीची लागण होऊ शकते. गरोदर बाईने अशा मातीत हात घालू नये. बाकीच्यांनी घाण दिसेल त्याच दिवशी खुरप्याने काढून टाकावी, कारण ती बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. इथेही जागा बंद करण्यापेक्षा दुसरी देणे सोपे. परसाच्या लांबच्या कोपऱ्यात टोपलीभर रेती टाकून ठेवावी आणि वाफ्यावर नारळाची सोडणे उलटी पसरावीत किंवा बोरीच्या काट्या आडव्या घालाव्यात. पावसाळ्यात कुंपणाकडेला खोकलीचे रोप आपोआप उगवते, त्याचीही नीट तपासणी करावी. त्याच्या मुळाच्या वासाने मांजरे वेडी होतात, उकरतात, अंग घासतात, लोळतात. आपल्या परसात खोकली वाढू देऊन शेजाऱ्याच्या मांजराबद्दल तक्रार करणे म्हणजे मांडव घालून पाहुणे आले म्हणून रडणे. पक्ष्यांचे तेवढे खरे दुखणे आहे. बुलबुलाचे घरटे हाताच्या उंचीवर असते आणि त्याला घड्याळाचा काही उपयोग नाही. अशा झुडपाच्या बुंध्याभोवती पिल्ले उडेपर्यंत काटेरी फांद्या बांधाव्यात. उलट बाजूला हेही मांडावे, की पावसाळ्यात उंदरांच्या मुताने लेप्टोची भीती असते, आणि भातकोठारातले उंदीर कमी करण्याची गावातली जुनी यंत्रणा हीच मनी आहे.

शेवटची सूचना बोक्यासाठी. भिंतींवर फवारे, रात्रीची किंकाळी आणि दर पावसाळ्यात माळ्यावर सापडणारी चार पिल्ले यांवर वेळापत्रकाचा इलाज चालत नाही. गाभणी मांजरी दोन महिन्यांत व्याते आणि प्रश्न पाचपट होतो. शेजाऱ्याशी बोलून, खर्च निम्मा निम्मा वाटून, पशुवैद्याकडून मनी आणि बोका दोघांची नसबंदी करून घ्यावी. निम्मे पैसे दिल्याने मांजर निम्मे आपले होईल, ही भीती बाळगू नये; ते आधीच झालेले आहे. आणि एवढे सगळे करूनही रात्री आढ्यावर धडधड होत असेल, कौले सरकत असतील, पिकलेली पपई अर्धी खाल्लेली मिळत असेल, तर ते शेजाऱ्याचे मांजर नव्हेच, ते उदमांजर. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, ते मासळीच्या डोक्यांनी वश होत नाही आणि त्याची तक्रार कोणत्याही काकूंकडे करता येत नाही. त्याच्यासाठी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.