तीन मिलिमीटर वाकडं

लेथवर टेपर काढायच्या रीती बऱ्याच आहेत. कंपाउंड स्लाइड हव्या त्या अंशात वळवा आणि हाताने हँडल फिरवत बसा. टेपर टर्निंग अटॅचमेंट असेल तर ती जोडा. आणि सीएनसीचं तर विचारूच नका, तिला आकडे भरले की ती बिचारी निमूट तिरकी चालते. माझा जीव मात्र टेलस्टॉक सरकवायच्या जुन्या पद्धतीवर, कारण तिच्याइतकी साळसूद पद्धत दुसरी नाही. टूल नाकासमोर चालतं, कॅरेज बेडवरून सरळ जातं, ऑटो फीड नेहमीसारखी सुरू असते. कुणी काही वाकडं केल्याची खूण दिसत नाही आणि जॉब तर निमुळता होत असतो. सगळी भानगड मागे, टेलस्टॉकच्या बुडाशी असलेल्या दोन स्क्रूंत.

एरवी या स्क्रूंचं काम अगदी उलट. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक यांची सेंटर एका रेषेत राहावीत म्हणून ते दिलेले. त्यात दोन शतांश मिलिमीटरची जरी चूक राहिली तरी लांब शाफ्ट एका टोकाला चार शतांशाने बारीक निघतो, आणि इन्स्पेक्शनवाला तो शेपटीला धरलेल्या मेलेल्या उंदरासारखा उचलून सगळ्यांना दाखवतो. तोच दोष दीडशे पट मोठा करून, कागदावर हिशेब मांडून केला की त्याला पद्धत म्हणतात आणि आयटीआयच्या परीक्षेत त्यावर मार्क मिळतात.

हिशेब सोपा आहे. समजा तीनशे मिलिमीटर लांबीचा जॉब आहे, त्यातल्या दोनशेवर टेपर हवा, चाळीसचा व्यास उतरत छत्तीसवर यायला हवा. फरक चार. त्याला तीनशेने गुणा, दोनशेच्या दुपटीने भागा. आले तीन. दुप्पट एवढ्यासाठी, की जॉब फिरतो. एका बाजूने जितकं खरवडाल तितकंच समोरून आपोआप जातं. टेलस्टॉक तीन मिलिमीटर आपल्याकडे ओढला की ते टोक बारीक होतं.

खोच आहे ती त्या तीनशेत. उरलेल्या शंभर मिलिमीटरचा टेपरशी काडीचा संबंध नाही, पण हिशेबात त्याचा मान पूर्ण. पुढचा तुकडा वीस मिलिमीटरने जास्त लांब कापला गेला असेल आणि टेलस्टॉक तसाच ठेवलात, तर चारऐवजी पावणेचारचाच फरक येणार. सेंटरचं भोक कमीजास्त खोल गेलं तरी तेच. म्हणून एकसारखे पन्नास नग करायचे असतील तर टर्नरचं अर्धं भांडण हॅकसॉवाल्याशी असतं.

चालू जॉब जवळ वाकून बघण्यासारखा असतो. जॉबला पकडून फिरवणाऱ्या डॉगची वाकडी शेपटी कॅच प्लेटच्या खाचेत प्रत्येक फेऱ्याला थोडी आत जाते, थोडी बाहेर येते. साठ अंशांचं सेंटर त्याच कोनाच्या भोकात तिरकं बसलेलं, म्हणून एकाच कडेवर घासतं. ग्रीस कमी पडलं की तिथून धूर निघतो. टोकाला गोळी असलेलं सेंटर लावलं तर हा त्रास वाचतो. पुस्तकं आठेक अंशांपर्यंत परवानगी देतात. मिस्त्री लोक पुस्तकावर तेवढा विश्वास ठेवत नाहीत. ते कितीतरी आधी थांबतात. भोकाच्या आतला टेपर तर या रीतीने होतच नाही, कारण जॉब दोन्ही टोकांना सेंटरवर अडकलेला.

आणि हे सगळं करणाऱ्या टेलस्टॉकच्या बॅरलमध्येही एक टेपरच बसलेला असतो. १८६३ साली ट्विस्ट ड्रिलचं पेटंट घेणाऱ्या अमेरिकेतल्या स्टीफन मोर्सच्या नावाचा. साधारण वीसास एक. ना पिन, ना आटे. सेंटर हाताने आत ठोसलं की नुसत्या घर्षणावर घट्ट.

एवढं असून कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय किंवा भोसरीत काय, मालकाचा पहिला नियम एकच: ‘टेलस्टॉकला कुणी हात लावायचा न्हाई!’ त्याचंही खरं आहे. वाकडं करायला पाच मिनिटं लागतात, सरळ करायला दुपार जाते. आणि मधे शिफ्ट बदलली तर रात्रपाळीचा माणूस बिनघोर शाफ्ट लावतो. म्हणून जाणते टर्नर मशीनवर खडूने ‘सरकवलाय’ असं लिहून ठेवतात.

परतीच्या कामाला दोन सेंटरमध्ये टेस्ट बार धरायचा आणि डायल गेज कॅरेजवर बसवून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. काटा हलला की मागचा एक स्क्रू सैल, पुढचा आवळ. पुन्हा फेरी. शेवटी काटा जागचा हलत नाही, टर्नर सुटकेचा श्वास सोडतो आणि खालचा क्लॅम्पिंग नट आवळतो. त्या आवळण्यानेच टेलस्टॉक दोन शतांश सरकतो.