कुणी कुणाची कळ काढली?

"काकू, कालचा आमच्याकडचा आरडाओरडा ऐकलात ना?"

"ऐकला बाई. कुणी कुणाची कळ काढली?"

"कळच काढली, तीही एस्केपची! भाऊजींचा मॅकबुक प्रो २०१६ च्या पिढीतला, टच बारवाला. त्यात एस्केपची खरी कळ नसते, काचेवर नुसतं चित्र. पुढं २०१९ च्या सोळा इंचीत परत आली म्हणा. पण आमच्याकडे तिघंही व्हिम नावाच्या टेक्स्ट एडिटरवाले, त्यात घडोघडी एस्केप लागते."

"का गं, एवढी का?"

"व्हिम ज्याच्यावर बेतला तो व्हीआय बिल जॉयनं एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर लिहिला. आपल्याकडे टॅब असते ना, तिथं त्याच्यावर एस्केप होती. करंगळी पोचायची सहज! आता ती गेली कोपऱ्यात, पण सवय तीच. तर भाऊजी येऊन बसले माझ्या विंडोजवर. उभा रकाना निवडायला दाबलं कंट्रोल-व्ही, आणि अनुवादाच्या मधोमध दुधाचा हिशेब चिकटला!"

"अगंबाई!"

"चूक माझीच. व्हिम बसवतानाच विचारतो, विंडोजच्या रीती पाळू का? मी म्हटलं, पाळ. मग कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट, आणि रकान्याला कंट्रोल-क्यू."

"आणि आमच्या जावयांचं लिनक्स?" काकू मला मुलगीच मानतात, म्हणून हे जावई.

"त्यांच्या टर्मिनलमध्ये मी सवयीनं कंट्रोल-एस दाबलं, तर पडदा गोठला. मला वाटलं, मेला! हे आले, कंट्रोल-क्यू दाबलं, झाला चालू. तिथं एस म्हणजे थांब, क्यू म्हणजे चल. जुन्या टेलिटाइपच्या काळापासूनचं आहे म्हणे. घ्या, एकच क्यू, दोन घरी दोन कामं."

"मराठी तरी सगळीकडे सारखं ना?"

"त्रास सारखा! मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला की खाली उतरायची जे ची कळ 'र' देते. व्हिमला 'र' काय कळणार? ढिम्म. लिहायचं मराठीत, फिरायचं इंग्रजीत. त्यापेक्षा मला साधं नोटपॅड परवडतं, पण घरात बोलायची सोय नाही."

"मग मिटलं का भांडण?"

"कसलं! भाऊजींना बाहेरून लावायचा कीबोर्ड दिला. एस्केप मिळाली, पण कीबोर्ड विंडोजचा. मॅकला जोडला की कमांड आणि ऑप्शनच्या जागा उलट्यापालट्या. संध्याकाळी खिडकी लावून घ्या हं, काकू. कुकर झाला वाटतं माझा, येते."