साठ-पंचावन्न

आमच्या मारुती आठशेला दिवे कमी पडतात, अशी तक्रार आठशेने कधीच केलेली नाही. तक्रार माझी होती, आणि तिचा उजेडाशी फारसा संबंध नव्हता. तिसगावातून रात्री करंजीच्या दिशेने निघालं की समोरून पांढऱ्याफेक दिव्यांची एखादी स्कॉर्पिओ येते. मग आपले दिवे चालू आहेत की विझले, ते खाली उतरून बघावंसं वाटतं. एवढंही सोसलं असतं. पण आत बहुधा माझाच विद्यार्थी असतो. मी हयातभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं. ज्याला प्रकाशाच्या धड्यावर कधी धड मार्क पडले नाहीत, तो टपावर लाइटबार आणि काचेवर 'भावी' असं लिहून सुसाट जातो. (पुढचं पद दर निवडणुकीला बदलतं, भावी तेवढं तसंच राहतं.) आणि धडा शिकवणारा साठ-पंचावन्न वॅटच्या पिवळ्या उजेडात रस्ता चाचपतो. हा गुरुपरंपरेचाच अपमान होता.

म्हणून नगरला जाऊन दुकानदारासमोर उभा राहिलो. त्याने तऱ्हेतऱ्हेचे बल्ब मांडले. मढीच्या यात्रेत गाढव घेताना दात बघून वय ठरवतात. बल्बाला दात नसल्यामुळे खोक्यावरचं चित्र बघावं लागतं. चित्रात एक परदेशी रस्ता थेट डोंगरापर्यंत उजळला होता. त्यावर खड्डा नव्हता, बैल नव्हता, मुख्य म्हणजे समोरून कुणीही येत नव्हतं.

"हा घ्या सर, सहा हजार केल्विन," दुकानदार म्हणाला. केल्विन ऐकताच माझ्यातला मास्तर जागा झाला. हॅलोजनच्या तारेचा उजेड साधारण ३२०० केल्विनचा असतो. त्याला ६००० चा निळसर रंग आणायचा तर काचेवर निळा मुलामा देऊन पिवळा-तांबडा उजेड अडवावा लागतो. म्हणजे पैसे जास्त आणि उजेड कमी, असं मी त्याला सविस्तर समजावून दिलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण दिसतो भारी." यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. शेवटी मी 'नव्वद-शंभर'ची जोडी बांधून घेतली.

आता डिपरबद्दल थोडं बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. डिपर ही आपल्या रस्त्यांची खरी बोली. एकदा मारला तर 'मी आलो'. दोनदा मारला तर 'मी थांबणार नाही'. सलग मारत राहिला तर त्याचे ब्रेक गेलेत किंवा त्याला लग्नाला उशीर झालाय. दोन्ही वेळा आपण साइडपट्टीवर उतरायचं. इंग्लंडात समोरच्याने दिवा मिचकावला की 'आधी तुम्ही' असा अर्थ बरेचदा घेतात. तिकडून आलेला माझा भाचा तो अर्थ मनात धरून अरुंद पुलावर शिरला आणि समोरच्या एसटीने त्याला पुलाच्या तोंडापर्यंत रिव्हर्स शिकवला. सगळ्यात थोर डिपर भर दुपारचा. सूर्य डोक्यावर असताना समोरचा डिपर मारतो, म्हणजे 'पुढं साहेब पावतीपुस्तक घेऊन उभे आहेत'. ना ओळख, ना नातं, पक्ष वेगळा, जात माहीत नाही. तालुक्यात इतकी निर्मळ एकी मी दुसऱ्या कुठल्याच बाबतीत पाहिली नाही. ट्रकमागे रंगवलेलं 'यूज डिपर अ‍ॅट नाइट' तर आपल्या साक्षरतेचा भागच होतं. २०१६ साली टाटा मोटर्सने ट्रकचालकांसाठी 'डिपर' नावाचे निरोध आणले, तेव्हापासून मी त्या वाक्याचा अर्थ नातवंडांना जपून सांगतो. त्याही आधी ट्रक-एसटीच्या दिव्यांच्या काचांना काळा रंग फासलेला असायचा. हा कायमचा डिपर. तो मारायला चालकाचा चांगुलपणा लागत नसे. जुने एसटी ड्रायव्हर मात्र समोरची गाडी लांब असतानाच दिवे खाली करत. आपणही करायचे. जाता जाता एक हात वर व्हायचा. आता दिवे वाढले आणि हात खाली आले.

कायद्याला हा चांगुलपणा ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६वा नियम म्हणतो की, दिव्यापासून आठ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, तो माणूस दिपता कामा नये. माणूस कुठे उभा आहे हे इतकं नेमकं सांगितलंय की आडनाव तेवढं घालायचं राहिलं. झोत एकतर कायमचा खाली झुकलेला असावा, नाहीतर चालकाला मनात येईल तेव्हा खाली करता यावा. सगळं घोडं अडलंय ते या 'मनात येईल तेव्हा'पाशी.

तर ती जोडी घेऊन मी स्टँडजवळच्या वायरमनचाचांकडे गेलो. त्यांनी खोका उघडलासुद्धा नाही.

"सर, उजेड वाढवायचाय का रुबाब? दोन्हीचे रेट वेगळे आहेत."

"दोन्ही," मी म्हणालो.

"मग आधी उजेड बघू." त्यांनी मीटर लावला. बॅटरीवरचे व्होल्ट होल्डरपर्यंत पोचेस्तोवर दहा टक्क्यांहून जास्त वाटेतच मुरत होते. दाब दहा टक्के घटला की हॅलोजनचा उजेड जवळपास तीस टक्के घटतो. दोष बल्बाचा नव्हता, म्हाताऱ्या वायरिंगचा होता. त्याच वायरिंगवर साठच्या जोडीचे दहा अँपिअर जातात. शंभरची जोडी जवळपास सतरा मागते. "होल्डर वितळंल, मग उजेड बोनेटमधून निघंल," चाचा म्हणाले.

मी एलईडीचं विचारलं. त्यांनी जुना बल्ब उजेडात धरून आतली बारीक पत्र्याची वाटी दाखवली. अप्परची तार आरशाच्या नाभीजवळ असते. डिपरची तार थोडी पुढे, आणि तिच्याखाली ही वाटी. तिच्यामुळे उजेड आरशाच्या वरच्याच भागावर पडून रस्त्याकडे वळतो. "ही जागा केसभर हलली की उजेड झाडावर. एलईडीत ती बरोबर बसलीच तर नशीब." अंतर्वक्र आरशाची नाभी मी फळ्यावर काढत आलो, चाचा ती बोटाने दाखवत होते. देशातल्या गाड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, आमच्या नगरलाच आहे. तिची एक गुप्त शाखा तिसगाव स्टँडवर असावी, असा मला दाट संशय आहे.

चाचांनी रिले बसवला, बॅटरीपासून जाड वायर ओढली, काच घासली, बल्ब साठ-पंचावन्नचाच ठेवला. संध्याकाळी गाडी शाळेच्या भिंतीसमोर लावून झोत खाली आणला. वरचा सुविचार अंधारात गेला, खालचा रस्ता दिसू लागला. रुबाबाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मी नव्वद-शंभरचा नाद सोडला तो मात्र भौतिकशास्त्रामुळे नाही. आमच्या तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना आहे. गळीत सुरू झालं की रात्री-पहाटे उसाच्या टायरगाड्या रस्त्यावर असतात. शिवाय आमच्याच तालुक्यातली किती घरं कोयते घेऊन दुसऱ्यांच्या जिल्ह्यात अशाच गाड्यांवर असतात. एका पहाटे समोरून फुल्ल अप्परमध्ये एक गाडी आली आणि मला काहीच दिसेनासं झालं. ताशी साठने सेकंदाला सतरा मीटर जातात, हे गणित मी कैक वेळा घातलंय. त्या दिवशी ते सोडवत बसलो नाही, ब्रेक दाबला. उजेड निघून गेला तेव्हा पुढ्यात टायरगाडी होती. मागे दिवा नाही, रेडियमचा तुकडा नाही. मोळ्यांवर एक बाई बसली होती, आणि तिने मांडीवरच्या पोराच्या डोळ्यांवर पदर धरला होता. तिचा डोळा दीड मीटरच्या बराच वर होता. नियमात ती बसत नव्हती.

मला राग आला, तो त्या गाडीवाल्याचा. तो लांबपर्यंत बघत होता. त्याच्या उजेडामागे दुसऱ्याच्या वाटेत कोण आहे, एवढंच त्याला दिसत नव्हतं. कदाचित माझाच विद्यार्थी असेल. तसं असेल तर प्रकाशाच्या धड्यातला एक भाग मी शिकवायचा सोडला.

तेव्हा मंडळी, जुन्या गाडीला उजेड कमी वाटला तर बल्बाआधी वायरिंग तपासा, रिले बसवा, काच पुसा आणि झोत भिंतीवर धरून खाली करून घ्या. साठ-पंचावन्न पुरतो. टायरगाडी दिसली तर डिपर मारा, जमलं तर थांबून मागे रेडियमची एक पट्टी चिकटवा. ती शंभर वॅटच्या जोडीपेक्षा स्वस्त पडते. आणि कुणाला नव्वद-शंभरची कोरी जोडी हवी असेल, तर माझ्याकडे मागू नका. ती देण्याजोगा शत्रू मला अजून भेटलेला नाही.