एक फुल, एक उचकी

माझी उचकी नुसती लागत नाही, मुक्कामाला येते. वर्षातून चार-पाच वेळा, न कळवता, अगदी जवळच्या नातेवाइकासारखी. आली की पाच-सहा तास हलत नाही. एकदा धनत्रयोदशीच्या रात्री आली ती लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे घेऊनच गेली. तेव्हा डॉक्टर गाठले होते. त्यांनी कागदावर छाती आणि पोट यांच्यामधला पडदा काढून दाखवला. हा पडदा मनाला येईल तेव्हा झटका देतो, हवा आत ओढली जाते, तेवढ्यात घशातलं दार धाडकन बंद होतं, त्याचा तो आवाज. "४८ तासांच्या पुढे गेली तर तिला आम्ही चिवट म्हणतो, महिन्याच्या पुढे गेली तर हट्टी. मग मात्र तपासण्या कराव्या लागतात," डॉक्टर म्हणाले, "तुमची पंचेचाळिसाव्या तासाला थांबली." तीन तासांसाठी मान हुकला.

माणसाला एखादं दुखणं जडलं की तो त्या दुखण्यातल्या थोरामोठ्यांची माहिती जमवायला लागतो. मीही जमवली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑस्बॉर्न नावाच्या गृहस्थाला १९२२ साली डुकराचं वजन करताना उचकी लागली, ती १९९० मध्ये थांबली. ६८ वर्षं! त्या अवधीत त्याने दोन लग्नं केली आणि त्याला आठ मुलं झाली. आमच्याकडे एका उचकीत माणसाला मंगलाष्टकं धड ऐकू येत नाहीत. प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये तर ऐन मेजवानीत उचकी लागते ती ॲरिस्टोफेनिस या विनोदी नाटककाराला, आणि बोलण्याची त्याची पाळी शेजारचा वैद्य घेतो. श्वास धर, गुळण्या कर, नाही जमलं तर नाकात काडी घालून शिंक काढ, असा सल्लाही देतो. म्हणजे उपायांच्या बाबतीत अडीच हजार वर्षांत फारशी प्रगती नाही. चरकाने हिक्केचे पाच प्रकार सांगितलेत: महाहिक्का, गंभीरा, व्यपेता, क्षुद्रा आणि अन्नजा. माझी शेवटची. खाण्यातून उद्भवणारी. ही खानदेशात उद्भवली नसती तरच नवल.

कारण ज्या उचकीची ही गोष्ट, तिच्या आदल्या रात्री भरीत पार्टी होती. जानेवारीची थंडी, शेताचा बांध, आणि बामणोदची वांगी. हे वांगं हिरवट-पांढरं, हातभर नसलं तरी वीतभर नक्की, आणि बिया जवळपास नाहीतच. ते गॅसवर भाजणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. कपाशीच्या काड्यांचा जाळ हवा. साल काळी पडून फुटली, आतून पाणी सुटून चुर्र आवाज आला की वांगं झालं. मग सोलायचं, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचायचं, वर लसणाची, शेंगदाण्यांची फोडणी, कांद्याची पात. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या आनंदात आम्ही दर हिवाळ्यात थोडं जास्त खातो. त्या रात्री मी कळण्याच्या तीन भाकरी मोजल्या. पुढच्या मोजल्या नाहीत.

सकाळी जळगावहून धुळ्याला निघायचं होतं. पुतण्याची सुपारी फोडायची होती. मोठा भाऊ, वहिनी आणि बाकीची मंडळी जीपने पुढे गेली. जीपमध्ये फळांच्या करंड्या बसल्या, मी बसलो नाही. भाऊ जाताना बजावून गेला, "अकराच्या आत पोच. बोलणी तुलाच करायची आहेत. आपल्यात बोलका तूच."

बसस्थानकात पाय टाकला आणि पडद्याने पहिला झटका दिला.

"कुठं?" कंडक्टर.

"धु... हिक्... ळे."

"एक फुल धुळे," त्याने बटणं दाबली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "हिचं सामानात धरू का?"

गाडीत बायका भरपूर. २०२३ मध्ये त्यांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून खानदेशातल्या माहेरवाशिणींचं प्रमाण फार वाढलंय. माझ्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी. त्यांना तर तिकीटच नाही, वय पंचाहत्तरच्या पुढे. पाच उचक्या त्यांनी मुकाट्याने ऐकल्या. सहावीला म्हणाल्या, "काय व्हयनं रे भाऊ? गुचकी लागनी का? कोन याद करी ऱ्हायनं तुले?"

इथे एक खुलासा. इतर ठिकाणी उचकी हे दुखणं असतं, आमच्याकडे तो निरोप असतो. कुणीतरी आठवण काढल्याशिवाय उचकी लागत नाही, आणि आठवण काढणाऱ्याचं नेमकं नाव घेतल्याशिवाय ती थांबत नाही. त्यामुळे गाडी आकाशवाणी चौकातून हायवेला लागेपर्यंत चौकशी आयोग बसलासुद्धा. "बायको असेल." मी बायकोचं नाव घेतलं. हिक्. "पोरं?" हिक्. "साहेब?" हिक्. "कुणाचे पैसे देणं आहे का?" मागच्या सीटवरून आवाज आला. मी गप्प बसलो, पण उचकी नाही बसली. गाडीभर खसखस पिकली. गिरणेचा पूल आला, बांभोरीच्या टेकाडावरचं विद्यापीठ मागे गेलं, तरी आठवण काढणारा सापडेना. आमच्या घरात या आयोगाची अध्यक्ष बायको असते, आणि तिथे नाव चुकलं तर उचकी परवडली अशी वेळ येते.

पाळधीपासून उपाय सुरू झाले. गिरणा ओलांडली की जळगावकडची तावडी बोली हळूहळू मागे पडते आणि अहिराणी कानावर यायला लागते. उपाय मात्र दोन्ही बोल्यांत सारखेच. कंडक्टर म्हणाला, "श्वास धरा, एरंडोलला सोडा." त्याच्या दृष्टीने तो एक टप्पा होता. एका कॉलेजच्या पोराने पाण्याची बाटली पुढे केली: पुढे वाकून बाटलीच्या पलीकडच्या कडेने प्यायचं. मी वाकलो आणि नेमका गतिरोधक आला. पाणी पोटात न जाता बाहीत गेलं. एकाने ड्रायव्हरला कळकळीने सांगितलं, "दादा, एकदम ब्रेक मारा, घाबरले की थांबेल." ड्रायव्हर वळूनही न बघता म्हणाला, "पूर्वी या रस्त्यावर कुणाला उचकी लागतच नव्हती." त्यात तथ्य आहे. फागणे ते तरसोद चौपदरीकरण रखडलेलं होतं त्या वर्षांत या रस्त्याने उचकीच काय, मुतखडेसुद्धा पाडले असतील.

एक उपाय मला ठाऊक होता, पण मी तो सांगितला नाही. हट्टी उचकी गुदद्वारात बोट घालून थांबवता येते, हे लिहून ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या एका डॉक्टरला २००६ साली इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं. भर बसमध्ये अशी माहिती उघड करायची नसते. खानदेशी माणूस मदतीला फार तत्पर.

एरंडोलच्या स्टँडवर आजींनी सूत्रं हातात घेतली. "लेकराची गुचकी कशी थांबते?" असं सगळ्या गाडीला विचारून त्यांनी माझ्या शर्टाकडे हात घातला. तान्ह्या बाळाला उचकी लागली की झबल्याचा दोरा काढून, थुंकी लावून तो कपाळाला चिकटवतात, हे मलाही माहीत होतं. बावन्नाव्या वर्षी ते आपल्यावर येईल हे माहीत नव्हतं. झबलं नसल्यामुळे त्यांनी पोटावरच्या बटणापाशी लोंबणारं टोक धरून ओढलं. दोरा चांगला बोटभर निघाला. तो त्यांनी जिभेला लावला आणि माझ्या दोन भुवयांच्या मध्ये अंगठ्याने दाबून बसवला. "काढू नको, आं!" वर म्हणाल्या, "गुचकी लागनी म्हंजे लेकरू वाढस." माझ्या पोटाकडे एक नजर टाकून त्यांनीच मान डोलावली. वाढ दिसत होती.

पारोळ्याला आजी उतरल्या, उतरताना खिडकीतून एकदा दोरा तपासून गेल्या. पारोळ्याचा किल्ला भर वस्तीत आहे आणि बघण्यासारखा आहे. मी तो श्वास धरून बघितला, त्यामुळे निळसर दिसला. मुकटी, फागणे यांच्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही. तिथे कुणी काही सुचवलं नाही.

धुळ्याच्या जुन्या पेठेत पत्ता शोधायला अक्कल लागत नाही, आकडे यावे लागतात. गल्ल्यांना नंबर आहेत. ब्रिग्ज नावाच्या इंग्रज कप्तानाने २०० वर्षांपूर्वी सरळ रेषेत आखून दिलेली ही पेठ, आणि तीत मी दर पाच पावलांना एक हिसका देत चाललो होतो. याच गावात इतिहासाचार्य राजवाडे राहिले, इथेच १९२६ साली वारले. 'मराठी धातुकोश' रचणारा माणूस. त्यांना ही उचकी लागली असती तर ती थांबवण्याऐवजी त्यांनी तिचा धातू शोधून काढला असता, आणि तो दुसऱ्या कुणी चुकीचा सांगितला म्हणून वर्षभर त्याच्याशी भांडले असते.

बोलणी गच्चीलगतच्या खोलीत. मुलीकडचे आजोबा मध्यभागी, टोपी, हातात काठी, कानाने कमी. त्यांनी माझ्या कपाळावरचा दोरा पाहिला आणि हात जोडले. एकवीरा देवीला जाऊन आलो असं त्यांना वाटलं असावं. मी खुलासा करायला तोंड उघडलं. हिक्. मान खाली गेली. त्यांना तो नमस्कार वाटला.

"लग्न धुळ्याला करू, जिभाऊ?" आजोबांनी विचारलं.

ठरवून आलो होतो की जळगावला म्हणायचं. "आमचं म्हणणं असं, की... हिक्!" मान खाली.

"मान्य आहे म्हणतात," आजोबांनी जाहीर केलं. कोपऱ्यातल्या एकाने वहीत लिहून घेतलं.

"पाहुणे दोन्हीकडचे मिळून आठशे?"

"आठशे जरा... हिक्!"

"लिही आठशे."

भाऊ माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी यापूर्वी फक्त वाटणीच्या वेळी पाहिली होती. आदल्या दिवसाच्या नाश्त्यात शेवभाजी, ती आमच्याकडून. हिक्. बँड आमच्याकडून. हिक्, हिक्. दोनदा झाल्यामुळे वहीवाल्याने विचारलं, "दोन बँड?" तेवढ्यात चहा आला. मी सर्व बळ एकवटून "थांबा!" म्हणायला छाती भरून घेतली, आणि पडद्याने त्या दिवसातला सर्वात मोठा झटका दिला. दोरा निघून खिळखिळं झालेलं ते बटण सुटलं, आणि आजोबांच्या बशीत जाऊन पडलं. टप्.

सगळी खोली बशीकडे बघत राहिली. आजोबांनी चिमटीत धरून बटण काढलं, पुसलं आणि मला परत दिलं. मी आभार मानले. सलग, न अडखळता. उचकी गेली होती.

मग श्रेयाची बोलणी सुरू झाली. वहिनी म्हणाल्या, नवस बोलले होते. वहीवाला म्हणाला, बटणाची दचक. आजोबा म्हणाले, देवीचा दोरा. फक्त नवरी मुलगी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली, ट्रे उचलता उचलता हळूच म्हणाली, "काका, बहुतेक वेळा ती आपली आपणच थांबते. शेवटी जो काही करत असतो, त्याचं नाव होतं." आणि दारातून मागे वळून, "पण वहीत लिहिलंय ते लिहिलंय हां."

सुपारी फुटली. परतीला जीपमध्ये मला जागा मिळाली, फळांच्या करंड्या धुळ्यात राहिल्या होत्या. भाऊ पारोळ्यापर्यंत बोलला नाही. एरंडोलला म्हणाला, "एक बँड तू देशील." मी हो म्हटलं, या वेळी शुद्धीवर.

हे वाचून ज्या वाचकांना खात्रीचा, घरगुती, आजमावलेला उपाय आठवला असेल, त्यांना हात जोडून विनंती: कृपया कळवू नये. आणि माझी आठवणही शक्यतो जेवणानंतर काढू नये.