ब्याऐंशी लाख ठिपके आणि बारा फुटांचा हॉल

4के टीव्हीच्या पडद्यावर आडवे 3840 आणि उभे 2160 ठिपके असतात. गुणाकार केला की होतात 82 लाख 94 हजार 400. 2011 च्या जनगणनेत रायपूर शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती. म्हणजे टाटीबंधपासून तेलीबांधापर्यंत प्रत्येकाच्या हातावर आठ-आठ ठिपके ठेवले तरी थोडे उरतील, आणि ते नगरसेवकांना पुरतील. 8के घ्याल तर ठिपके 3 कोटी 31 लाख. त्याच जनगणनेत अख्ख्या छत्तीसगडची माणसं होती 2 कोटी 55 लाख. मग बस्तरपासून सरगुजापर्यंत सगळ्यांना वाटून झाल्यावर उरलेले ठिपके नागपूरकडे पाठवायचे. इतिहासात वसुली नेहमी इकडून तिकडे गेलेली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची रीत मोडायला नको.

हा हिशेब आमच्या आत्याचा. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे रायपूरच्या जयस्तंभ चौकाजवळच्या टीव्हीच्या दुकानातल्या पोराचं नशीब त्या दिवशी फारसं बरं नव्हतं.

"आंटीजी, ये फोर के है. हीरोइन के गाल का एक-एक रोआँ दिखेगा."

"क्यों दिखना चाहिए?" आत्याने विचारलं. त्याला उत्तर सुचेना, तेव्हा तिने पुढचा प्रश्न टाकला. "और बेटा, तीन हजार आठ सौ चालीस को चार हजार किस खुशी में बोलते हो?"

पोरगा बिचारा मॅनेजरकडे पाहू लागला. खरं म्हणजे सिनेमावाल्यांचं 4के 4096 ठिपक्यांचं असतं. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी 2005 साली डिजिटल थिएटरसाठी ते माप ठरवलं. टीव्हीवाल्यांनी आपली चौकट सांभाळायला 256 ठिपके कापले आणि नाव तेवढं ठेवलं. त्यातली आणखी एक गंमत आत्याने घरी येऊन पकडली. एचडीच्या जमान्यात 720, 1080 म्हणताना आपण वरून खाली रेघा मोजत होतो. 4के आलं आणि मोजणारे अचानक आडवे झाले. उभं मोजलं असतं तर आकडा 2160 आला असता, आणि 1080 च्या दुप्पट मालासाठी कोण एवढा खिसा सैल करणार? क्षेत्रफळाने मात्र माल चौपट आहे, हे तिने मान्य केलं. गणिताच्या बाबतीत ती पक्षपात करत नाही.

मुख्य प्रश्न पुढेच आहे. निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायचे तर त्यांच्यात एका अंशाचा साठावा भाग तरी अंतर हवं. हा हिशेब मांडला की कळतं, 43 इंची पडद्यावर फुल एचडी आणि 4के यांतला फरक दिसायला साडेपाच फुटांच्या आत बसावं लागतं. 55 इंची असेल तर सात फुटांच्या. आमचं घर तात्यापाऱ्यातलं जुनं, खोल्या एकामागे एक. हॉलमध्ये सोफा एका भिंतीला, टीव्ही समोरच्या भिंतीला, मध्ये बारा फूट. तिथून फरक कळायचा तर पडदा ब्याण्णव इंचांहून मोठा हवा. तेवढा लावला तर आजोबांची तसबीर, पंचांग आणि मधल्या खोलीचं दार यांपैकी दोन गोष्टी काढाव्या लागतील. दार काढायला सगळे तयार आहेत. पंचांगाला हात लावायची कुणाची छाती नाही.

घरात 4केचा पुरेपूर लाभ घेणारा प्राणी एकच, माझा पुतण्या. तो पडद्यापासून तीन फुटांवर मांडी घालून बसतो, म्हणजे शास्त्राप्रमाणे अगदी योग्य जागी. आणि तिथून त्याला सगळं घर रोज हाकलतं: "मागे सरक, डोळे जातील!"

बरं, पडद्यात येतं काय, तेही पाहा. केबलवाल्याच्या साध्या वाहिन्या अजून 576 रेघांच्या, एचडी वाहिन्या बहुतेक 1080 च्या. उरलेले ठिपके टीव्हीतली चिप अंदाजाने भरते. 21 जानेवारी 2023 ला नवा रायपूरच्या मैदानात न्यूझीलंडचा डाव 108 धावांत आटोपला. गावातली मॅच, पण घरी बसलेल्यांनी ती अशी अंदाजपंचे भरलेलीच पाहिली. चेंडू खरा, गवताची पाती चिपची.

रायपूरला या बाबतीत नाक वर करायचा हक्क आहे. 1975-76 मध्ये अमेरिकेच्या उपग्रहावरून थेट खेड्यांत टीव्ही दाखवायचा 'साइट' नावाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या 2400 गावांत रायपूर भागातली गावंही होती. जाळीच्या छत्र्या, शाळेच्या पडवीत एकच संच आणि समोर अख्खं गाव. मागच्या रांगेतल्याला किती रेघा दिसल्या असतील, हे विचारू नये. दिसलं, हीच बातमी होती.

आणि जुनं ते अंधुक, असंही नाही. 1955 चा 'पथेर पांचाली' फिल्मवर चित्रित झालेला. त्याच्या मूळ निगेटिव्ह 1993 च्या लंडनमधल्या आगीत होरपळल्या, तरी 2015 मध्ये तो 4के रूपात पुन्हा उभा राहिला, कारण फिल्मच्या कणांत तेवढा तपशील होता. 1987 ची 'रामायण' मालिका व्हिडिओ टेपवरची. तिथे तपशील मुळातच नोंदला गेला नाही, तर चिप काय वर देणार? म्हणून 'पथेर पांचाली'तल्या अपूच्या डोळ्यांतला काजळाचा काठ दिसतो, आणि बत्तीस वर्षं उशिरा आलेल्या प्रभू रामचंद्रांचा मुकुट मात्र किंचित धुकट.

दुकानात जे डोळे दिपवतं ते बहुतेक वेळा ठिपक्यांमुळे नसतंच. ती चमक असते. प्रकाश पूर्ण, रंग भडक, आणि मोर, लिंबाच्या फोडी, मधमाशा अशी खास चित्रफीत. घरी आल्यावर सेटिंगमधली ती 'व्हिव्हिड'ची कळ आधी बंद करा. हालचाल गुळगुळीत करणारी दुसरी कळही बंद करा, नाहीतर प्रत्येक सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसेल. गडद काळा रंग आणि चांगला प्रकाश-अंधार यांना मी ठिपक्यांपेक्षा जास्त मार्क देतो. आत्याही देते, पण अर्धा मार्क कापून.

तेव्हा 4के जरूर घ्या; मोठ्या आकारात दुकानदार आता दुसरं फारसं ठेवतही नाहीत. 8केच्या नादी लागू नका. उरलेल्या पैशांत बरा स्पीकर आणा, संवाद तरी ऐकू येतील. आणि निघण्याआधी सोफ्यापासून भिंतीपर्यंत टेप लावा, मग चष्म्याचा नंबर तपासून घ्या.