वीतभर अंतर

हारांसाठी बैठक होते. शाली, श्रीफळं, फ्लेक्स, चहापान, प्रत्येकासाठी एकेक माणूस नेमला जातो. माईकसाठी? एकही नाही. अहो, लोक भाषण ऐकायलाच येणार आहेत ना?

१८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याला स्वतःच्या घशावरच विसंबावं लागे. आज घशाच्या जोडीला यंत्र आहे. तरी मागच्यांना फक्त घुमारा का ऐकू येतो?

कारण माईक एकीकडे, तोंड दुसरीकडे.

आधीचा वक्ता सहा फुटी, नंतरच्या वक्त्या पाच फुटी. स्टँड मात्र तसाच. त्याला हात लावायला सगळेच बिचकतात. चकती सैल करायची, दांडा खाली घ्यायचा, चकती आवळायची. सूत्रसंचालकाने एवढंही करू नये?

हिशेब सोपा आहे. तोंडापासून माईक वीतभर हवा. हे अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत पोचणारा आवाज सहा डेसिबलने घटतो. मग साऊंडवाला बटण पिळतो. त्याने एकट्या वक्त्याचा आवाज वाढत नाही. पंख्यांची घरघर वाढते, भिंतींवरून परतणारा आवाज वाढतो आणि कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो.

कुईंऽऽऽ!

सगळ्या माना रागाने साऊंडवाल्याकडे वळतात. पण माईक जागेवर असता, तर त्याला बटण पिळावंच लागलं नसतं. हां, कर्णे वक्त्याच्या पाठीमागे लावले असतील, तर दोष त्याचाच. कर्ण्यांची जागा माईकच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. हे तारा ओढण्याआधी ठरवायचं असतं.

हातातला गोल जाळीचा माईक घ्या. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ मध्ये आला, त्याची भावंडं आज गल्लोगल्ली दिसतात. तो समोरचं ऐकतो, पाठीमागचं टाळतो. हे साधतं जाळीखालच्या फटींमुळे. आणि आपले निवेदक ऐटीत जाळीच मुठीत धरतात! फटी बुजल्या, माईक चहूबाजूंचं ऐकू लागला, शिट्टी वाजलीच. मूठ दांड्यावर ठेवा.

‘बंधू-भगिनींनो’ म्हणून बघा. ब आणि भ, दोन्ही ओठ फोडून बाहेर पडणारे. माईक ओठांच्या थेट पुढ्यात असेल तर पहिल्याच शब्दाला कर्ण्यातून ‘ढब्ब’. तो हनुवटीच्या उंचीवर, जरा बाजूला आणि ओठांकडे रोखलेला ठेवा. हवेचा झोत निसटून जातो, शब्द तेवढा आत येतो.

सगळ्यात वाईट वाटतं ते स्वागताच्या वेळी. ‘व्यासपीठावरील मान्यवर’ म्हणत वक्ता मान वळवतो, तोंड माईकपासून सुटतं आणि नाव हवेत विरतं. ज्याचा सन्मान, त्याचंच नाव ऐकू येत नाही! मान्यवरांकडे बघायचं तर जरूर बघा. फक्त पाय असे सरकवा की माईक तुमच्या आणि त्यांच्या मध्ये राहील.

परिसंवादात बोलतो एक, चालू असतात चार. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली, की शिट्टीपर्यंतची मोकळीक तीन डेसिबलने घटते. चार माईक म्हणजे सहा डेसिबल पाण्यात. बाकीचे बंद ठेवायला पैसे पडतात का?

आणि ती टकटक, ती फुंकर? त्यातून माईक चालू असल्याचं कळतं, इतकंच. ‘ऐकू येतंय का?’ या प्रश्नालाही पुढच्या रांगाच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी एका कार्यकर्त्याला शेवटच्या खुर्चीवर बसवा, कुणाला तरी निमंत्रणपत्रिकेतली नावं वाचायला लावा आणि कार्यकर्त्याला ती लिहून घेऊ द्या. एखादं जरी चुकलं, तरी आधी माईक हलवा, बटण नंतर. हॉल भरला की घुमारा बदलतो, म्हणून पहिलं भाषण सुरू झाल्यावरही तो तिथेच बसलेला असू द्या.